ईसीजीत एलबीबीबी आलाय? मग थॅलियम टेस्ट ट्रेडमिलवर पळून करू नका

मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसीनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे थॅलियम टेस्टच्या (हृदयाला रक्त किती पोचतं त्याच्या स्कॅनच्या) वेळी सुई लावणारा, कॅमेऱ्याखाली झोपवणारा आणि दिवसभर "हलू नका" ओरडणारा माणूस. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध चालू-बंद करण्याचा निर्णय माझ्या लिहिण्यावरून घेऊ नका, तो तुमच्या कार्डिओलॉजिस्टचाच. पण एका ठराविक प्रकारच्या पेशंटचा गोंधळ आमच्या काउंटरवर इतका नेहमीचा झालाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं.

तो गोंधळ असा. हर्नियाचं नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतं, फिटनेससाठी ईसीजी काढतात, मशीन वरच्या कोपऱ्यात छापून देतं लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हाच एलबीबीबी), फिजिशियन म्हणतात एकदा स्ट्रेस टेस्ट करून घ्या, आणि घरचे नाक्यावरच्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये जाऊन पॅकेजमधली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर पळवून ईसीजी बघायची टेस्ट, करून येतात. रिपोर्टमध्ये येतं "नॉन डायग्नोस्टिक", नाहीतर त्याहून वाईट म्हणजे "पॉझिटिव्ह", आणि मग घरात रडारड. मग कोणीतरी सांगतं थॅलियम करा, तीही पळून केली जाते, तीही पॉझिटिव्ह, मग अँजिओग्राफी, आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या नळ्या स्वच्छ. पैसे गेले, आठवडा गेला, बीपी वाढलं ते वेगळंच. यातलं बरंचसं टळू शकतं.

आधी एक गोष्ट. आत्ता छातीत दुखतंय, घाम फुटलाय, धाप लागलीय आणि ईसीजीत एलबीबीबी नवीनच दिसतोय असं असेल तर पुढचं काहीही वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा. न्यूक्लिअर स्कॅन, म्हणजे हीच थॅलियम टेस्ट, ही शांतपणे, वेळ घेऊन करायची टेस्ट आहे, इमर्जन्सीतली नाही.

एलबीबीबीत नेमकं काय होतं

हा ब्लॉक हृदयातल्या करंटच्या वाटेवरचा आहे, रक्तवाहिनीतला नाही. हृदयात करंट वरून खाली येतो आणि दोन फांद्यांमधून, उजव्या आणि डाव्या, दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचतो. डावी फांदी बंद पडली की करंट उजवीकडून स्नायूतून वाट काढत डावीकडे जातो, म्हणजे लोकलचा फास्ट ट्रॅक बंद झाल्यावर सगळ्या गाड्या स्लोवरून काढतात ना, गाडी पोचते पण उशिरा, तसं. हा उशीर ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मोठी टोकदार लाट, रुंद झालेला दिसतो, १२० मिलिसेकंद किंवा जास्त, म्हणजे ईसीजीच्या कागदावरचे तीन छोटे चौकोन.

कारणं बरीच असतात. वर्षानुवर्षांचं बीपी, जाड झालेला किंवा कमजोर झालेला हृदयाचा स्नायू, एओर्टिक व्हॉल्व्हचा आजार, वयानुसार झालेली झीज, आणि कोरोनरी आजार म्हणजे हृदयाच्या नळ्यांमधलं ब्लॉकेज. म्हणजे एलबीबीबी आला म्हणून ब्लॉकेज असेलच असं नाही, पण नसेलच असंही म्हणता येत नाही, म्हणून तर तपासायचं. त्यात पहिली पायरी २डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण पंपिंग किती आहे आणि व्हॉल्व्ह कसे आहेत हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवण्यात अर्थ नाही.

आता टीएमटी का नाही. टीएमटीत पेशंट पळताना ईसीजीच्या रेषेतला एसटी सेगमेंट नावाचा भाग खाली जातो का ते डॉक्टर बघतात. एलबीबीबीत तो सेगमेंट मुळातच वाकडातिकडा असतो, पळायच्या आधीपासूनच. त्यामुळे पळाल्यावर तो आणखी खाली गेला तरी त्यावरून नळ्यांबद्दल काही बोलता येत नाही. किती मिनिटं पळाले, धाप लागली का, बीपी कसं वाढलं एवढी माहिती मिळते, पण ब्लॉकेजचं उत्तर मिळत नाही. एखाद्या सेंटरने एलबीबीबी दिसत असूनही टीएमटी करून वर पॉझिटिव्ह लिहून दिलं तर तो रिपोर्ट घेऊन घाबरत बसू नका, कार्डिओलॉजिस्टना दाखवा.

मग न्यूक्लिअर स्कॅनमध्ये पळालं तर काय बिघडतं

हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे, जरा सावकाश वाचा.

थॅलियम टेस्ट म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतंय याचा फोटो. हातातून थोडं किरणोत्सारी औषध देतात, जिथे रक्त जास्त तिथे ते जास्त जाऊन बसतं, आणि गॅमा कॅमेरा त्याचा फोटो काढतो. एकदा आराम करताना आणि एकदा हृदयावर ताण दिल्यावर. आरामात ठीक आणि ताणात कमी दिसलं तर त्या भागाची नळी अरुंद असण्याचा संशय, रिपोर्टच्या भाषेत रिव्हर्सिबल डिफेक्ट. दोन्ही वेळा कमी दिसलं तर फिक्स्ड, म्हणजे जुन्या अटॅकचा डाग असू शकतो. (सगळे थॅलियम म्हणतात, चिठ्ठीवरही तेच लिहितात, पण आजकाल बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमवालं सेस्टामिबी नाहीतर टेट्रोफोस्मिन देतात.)

ताण द्यायचे दोन मार्ग, ट्रेडमिल नाहीतर औषध. साधा माणूस असेल आणि पळू शकत असेल तर ट्रेडमिल चांगली. एलबीबीबीत मात्र ट्रेडमिल दगा देते, कारण हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या आरामाच्या वेळात. ठोके वाढले की तो वेळ कमी होतो. एलबीबीबीत डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा, ज्याला सेप्टम म्हणतात, तो बाकीच्या स्नायूच्या ताळमेळात आकुंचन पावत नाही, वेळ चुकवतो, आणि त्या चुकलेल्या वेळेने त्याचा रक्त घ्यायचा वेळ आणखी खाल्ला जातो. पल्स १४०-१५० ला गेली की नळी अगदी स्वच्छ असली तरी सेप्टमला रक्त खरोखरच कमी जातं, औषध तिथे कमी बसतं, आणि फोटोत खड्डा दिसतो. आरामाच्या फोटोत पल्स ७० असते म्हणून खड्डा भरलेला दिसतो. झालं, कागदावर हे हुबेहूब एलएडीच्या ब्लॉकेजसारखं दिसतं, एलएडी म्हणजे पुढची सगळ्यात महत्त्वाची नळी, जिचं नाव ऐकलं तरी लोकांची पाचावर धारण बसते.

म्हणून एलबीबीबीत ताण द्यायचा तो औषधाने, तोही नळ्या रुंद करणाऱ्या औषधाने. अ‍ॅडेनोसिन, रेगाडेनोसॉन किंवा डायपिरिडॅमोल. चांगली नळी या औषधाने मोठी होते आणि तिच्यातून रक्त तिपटी-चौपटीने वाढतं, अरुंद नळीतून तेवढं वाढू शकत नाही, आणि तो फरक फोटोत पकडता येतो. यात पल्स थोडीच वाढते, त्यामुळे सेप्टमचा खोटा खड्डा बराच कमी होतो. डोब्युटामिन नावाचं आणखी एक औषध आहे, पण ते पल्स वाढवूनच काम करतं, म्हणजे पळण्यासारखाच प्रॉब्लेम, एलबीबीबीत ते शक्यतो टाळतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी पेशंटला कोणीच सांगत नाही. औषध देताना त्रास कमी व्हावा म्हणून बऱ्याच लॅबमध्ये पेशंटला सोबत हळूहळू चालायला लावतात किंवा पाय हलवायला सांगतात. इतरांसाठी ते छान आहे. एलबीबीबीवाल्याने ते करायचं नाही, झोपूनच औषध घ्यायचं. घाईगर्दीत कोणी म्हणालं "काका जरा चाला" तर काकांनी बिनधास्त म्हणावं, "मला लेफ्ट बंडल आहे, चालवायचं ना नक्की?" कोणी रागावणार नाही, रागावलं तर रागावू दे.

कुठल्या ब्लॉकला काय

सगळे ब्लॉक सारखे नसतात, इथे लोक गल्लत करतात.

आरबीबीबी, म्हणजे उजव्या फांदीचा ब्लॉक, यात न्यूक्लिअर स्कॅन पळून केला तरी चालतो. साधी टीएमटीसुद्धा अगदीच वाया जात नाही, फक्त ईसीजीच्या व्ही १ ते व्ही ३ या लीड्समधले (वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या रेषांमधले) बदल धरायचे नाहीत, व्ही ५, व्ही ६ आणि खालच्या लीड्स वाचता येतात. नुसता लेफ्ट अँटिरिअर हेमिब्लॉक, म्हणजे डाव्या फांदीच्या फक्त पुढच्या भागाचा ब्लॉक, असेल तरी पळायला हरकत नसते.

पेसमेकर असेल आणि तो खालच्या कप्प्याला सतत ठोका देत असेल तर एलबीबीबीचाच नियम, औषधाचा स्ट्रेस. कारण पेसमेकरची तार बहुतेक उजव्या कप्प्यात असते आणि करंट तिथूनच सुरू होतो, डावी बाजू उशिराच. पेसमेकर कधीमधीच काम करत असेल तर गोष्ट वेगळी, ते कार्डवरून आणि पेसमेकर तपासणीच्या रिपोर्टवरून कळतं, म्हणून तो कागद बरोबर आणा. दरवेळी अर्धे लोक तो कपाटातच ठेवून येतात.

डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे करंटला जन्मतःच एक जास्तीची वाट असणं, यात टीएमटी फसवी निघते आणि अ‍ॅडेनोसिनही जपून द्यावं लागतं, तेव्हा तिथे कार्डिओलॉजिस्टनेच ठरवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा पेच. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डिग्रीचा एव्ही ब्लॉक, म्हणजे वरून खाली येणारा करंट मध्येच अडणं, किंवा सिक सायनस, म्हणजे मूळ ठोकाच नीट न पडणं, हे असेल आणि पेसमेकर बसवलेला नसेल तर अ‍ॅडेनोसिन आणि त्याची भावंडं द्यायची नाहीत, कारण ही औषधं करंट आणखी हळू करतात आणि ठोका थांबू शकतो. पेसमेकर असेल तर देता येतात. पहिल्या डिग्रीचा ब्लॉक, म्हणजे करंट खाली यायला नुसता उशीर (ईसीजीत पीआर लांबलेला), असेल तर मॉनिटरवर लक्ष ठेवून बहुधा देतात. पण एलबीबीबी आणि वर दुसऱ्या डिग्रीचा ब्लॉक असं दोन्ही एकत्र असेल तर ना पळणं बरोबर ना औषध, मग बऱ्याचदा सीटी अँजिओग्राफीकडे, म्हणजे सीटी स्कॅनने नळ्यांचा फोटो काढण्याकडे, वळतात. म्हणून "करंटचा प्रॉब्लेम आहे" एवढं सांगून भागत नाही, कुठला ते सांगा.

बुकिंग करताना

फोनवर रिसेप्शनिस्ट विचारते, "स्ट्रेस थॅलियम ना? उद्या आठला या, उपाशी, बूट घालून." इथेच थांबवा. म्हणा, पेशंटला एलबीबीबी आहे, फार्माकॉलॉजिकल स्ट्रेस, म्हणजे औषधाने ताण, लागेल, तुमच्याकडे अ‍ॅडेनोसिन आहे की रेगाडेनोसॉन? तिला माहीत नसेल तर टेक्निशियनला द्या म्हणा. अ‍ॅडेनोसिन सलाईनसारखं पंपातून सुमारे सहा मिनिटं चालतं, रेगाडेनोसॉन दहा सेकंदांत एकच इंजेक्शन. डोसचा हिशोब लॅबचा असतो, अ‍ॅडेनोसिनला वजन लागतं म्हणून वजन ताजं सांगा, पाच वर्षांपूर्वीचं नको.

दमा असेल तर बुकिंगलाच सांगा. छातीत घरघर चालू असेल तर अ‍ॅडेनोसिन आणि डायपिरिडॅमोल देत नाहीत. सौम्य दम्यात रेगाडेनोसॉन जपून देतात, तेही डॉक्टर शेजारी असताना.

रेफरन्सच्या चिठ्ठीवर "स्ट्रेस थॅलियम" एवढंच असेल तर डॉक्टरांकडून "एलबीबीबी, व्हॅसोडायलेटर स्ट्रेस" (म्हणजे नळ्या रुंद करणाऱ्या औषधाने ताण) एवढी ओळ वाढवून घ्या. त्या एका ओळीने अर्धं काम होतं, कारण सकाळी लाइनीत वीस पेशंट असतात आणि चिठ्ठी वाचणारा माणूस चिठ्ठीवर जे आहे तेच करतो.

पैशांचं आधी विचारून ठेवा, औषधाचा चार्ज वेगळा लागतो का तेही. मेडिक्लेममध्ये अ‍ॅडमिट न होता केलेल्या टेस्ट बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, टीपीएला, म्हणजे क्लेमचं काम बघणाऱ्या कंपनीला, आधी विचारलेलं बरं, नंतर भांडून उपयोग नसतो.

बरोबर आणायचं ते असं: जुने ईसीजी (विशेषतः एलबीबीबी पहिल्यांदा दिसला तो), एको, आधीची अँजिओग्राफी किंवा बायपासचे कागद, पेसमेकर कार्ड, आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो. "एक पांढरी छोटी गोळी रात्रीची" यावरून आम्हाला काही कळत नाही हो.

चहा

याला वेगळं हेडिंग दिलंय कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त टेस्ट चहामुळे रद्द होतात.

चहा-कॉफीतलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या अगदी उलट काम करतं, ते अ‍ॅडेनोसिनला जागेवर बसूच देत नाही. मग नळ्या रुंद होत नाहीत, ताण पडतच नाही, आणि फोटो मस्त नॉर्मल येतो, खरं ब्लॉकेज असलं तरी. म्हणजे एलबीबीबीत पळालात तर नसलेला आजार दिसतो आणि चहा पिऊन आलात तर असलेला आजार लपतो, आणि यातलं दुसरं जास्त घातक, कारण माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

किमान १२ तास आणि बऱ्याच लॅबमध्ये २४ तास कॅफीन बंद. यात चहा, कॉफी, कोल्ड्रिंकमधलं कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, बोर्नव्हिटासारखं कोको असलेलं दूध सगळं आलं. ग्रीन टी पण चहाच आहे. डिकॅफ पण नको, त्यातही थोडं असतंच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफीन असतं, सॅरिडॉन घ्या उदाहरणार्थ, आणि गंमत म्हणजे चहा सोडला की डोकं दुखतं आणि मग लोक हीच गोळी घेतात. साधी पॅरासिटॅमॉल चालते.

काउंटरवरचा नेहमीचा संवाद असा असतो.

"काकू, चहा नाही ना घेतला?"

"नाही हो, सकाळपासून पाणीसुद्धा नाही."

"काल रात्री?"

"रात्री जेवल्यावर यांच्याबरोबर अर्धा कप. अर्धाच. बिनसाखरेचा."

बिनसाखरेचा असला तरी चहा तो चहाच. आणि काका तोपर्यंत गेटबाहेरच्या टपरीवरून स्वतःची कटिंग मारून आलेले असतात, पेशंट काका असले तरी. टपरीवाल्याचा दोष नाही, पण हॉस्पिटलच्या गेटवर इतक्या सकाळी एवढा सुंदर वास सोडणं बरोबर नाही एवढं नक्की. चहा घेतला असेल तर खरं सांगा, फार तर उद्याची तारीख मिळेल. खोटं सांगून टेस्ट करून घेतली तर आम्हाला कळणार पण नाही, नुकसान तुमचंच.

गोळ्यांबद्दल. दम्यासाठीच्या थिओफायलिन असलेल्या गोळ्या, डेरिफायलिन त्यातलीच, कॅफीनसारखंच काम करतात म्हणून त्या आधी बंद कराव्या लागतात, पण दमा उसळू नये म्हणून डॉक्टरांना विचारूनच. डायपिरिडॅमोलच्या गोळ्या चालू असतील तर त्याही साधारण दोन दिवस आधी थांबवतात, नाहीतर अ‍ॅडेनोसिनचा जोर नको तितका वाढतो. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर आणि नायट्रेट्स यांचं प्रत्येक डॉक्टरचं वेगळं मत असतं, कोणी बंद करायला सांगतात कोणी नाही, तर स्वतःहून काही करू नका. बीपीची गोळी व्हॉट्सअपवर वाचून बंद करून २०० बीपी घेऊन येणारेही असतात, त्यांना तसंच परत पाठवावं लागतं. शुगरवाल्यांनी इन्सुलिनचं आदल्या दिवशीच विचारावं, कारण चार-सहा तास उपाशी राहून पूर्ण डोस घेतला तर शुगर खाली जाते.

टेस्टच्या दिवशी

वेळेवर या, हे शिस्तीसाठी नाही सांगत. टेक्नेशियमचं हाफ लाइफ सहा तास असतं, म्हणजे सकाळी भरून ठेवलेली सिरिंज दुपारपर्यंत निम्मी होते, कोणी वापरो न वापरो. पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं आणि पेशंट अडकला की शिशाच्या डब्यात त्याच्या नावाचा डोस तसाच संपत जातो आणि आम्ही काही करू शकत नाही. रविवार सोडून सोमवारी बुकिंग असेल तर निदान लोकलचा मेगाब्लॉक तरी आड येत नाही. उशीर होणार असेल तर फोन करा, क्रम बदलता येतो.

(तसं बघितलं तर या बाबतीत आपण मुंबईकर नशीबवान. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५६ साली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, परळला १९६३ पासून बीएआरसीचं रेडिएशन मेडिसीन सेंटर आहे, आणि किरणोत्सारी औषधं पुरवणारी ब्रिट ही सरकारी संस्था वाशीला. रेडिएशनचे नियम बनवणारी एईआरबीसुद्धा अणुशक्तीनगरला.)

पुढून उघडणारा शर्ट किंवा कुर्ता घाला. चेन, मंगळसूत्र, खिशातली नाणी फोटोच्या वेळी काढावी लागतात, दागिने घरीच ठेवलेले बरे. हाताला व्हेनफ्लॉन, म्हणजे इंजेक्शनसाठीची सुई-नळी, लावतात. पहिलं इंजेक्शन आरामाचं, मग पाऊण-एक तास थांबायचं, मग फोटो. त्यानंतर मध्ये गॅप आणि मग स्ट्रेस, परत थांबणं, परत फोटो. सकाळी आठला आलेला माणूस दुपारी तीनला सुटला तर लवकर सुटला म्हणायचं. काही ठिकाणी स्ट्रेस आधी करतात, काही ठिकाणी दोन दिवसांत टेस्ट करतात, तेही बरोबर आहे.

अ‍ॅडेनोसिन चालू झाल्यावर काय वाटतं ते आधीच माहीत असलं की माणूस घाबरत नाही. तोंड-कान गरम होतात, छातीवर दडपण येतं, धाप लागल्यासारखं होतं, गळ्यात-जबड्यात ओढल्यासारखं, डोकं जड. बहुतेकांना यातलं काही ना काही होतंच. छातीत दडपलं म्हणजे ब्लॉकेज आहे असं अजिबात नाही, नळ्या स्वच्छ असलेल्यांनाही होतं. औषध बंद केलं की अर्ध्या-एक मिनिटात उतरतं, कारण अ‍ॅडेनोसिन रक्तात दहा सेकंदांच्या आतच निम्मं होतं. रेगाडेनोसॉनचं थोडं जास्त वेळ राहतं. फारच त्रास झाला तर अमिनोफायलिन नावाचा उतारा शेजारीच भरून ठेवलेला असतो. बोलत राहा, काय होतंय ते सांगत राहा, शूरपणा नको. एलबीबीबीवाल्यांच्या बाबतीत आमचं लक्ष मॉनिटरवर एसटीपेक्षा ठोक्यावर जास्त असतं, ठोका मध्येच गळतोय का, ब्लॉक वाढतोय का.

औषधाच्या स्ट्रेसमध्ये एक वैताग असतो. पळाल्यावर रक्त पायांकडे जातं, झोपून औषध घेतल्यावर लिव्हर आणि आतड्यात किरणोत्सारी औषध जास्त साचतं आणि त्याची चमक हृदयाच्या खालच्या भिंतीवर सांडते. म्हणून नंतर पाणी, दूध, लोणी लावलेला ब्रेड असं काहीतरी खायला सांगतात आणि थांबायला लावतात. "अजून किती वेळ" म्हणून भांडू नका, घाईत काढलेला फोटो परत काढावा लागतो. इथे खायला परवानगी आहे म्हणजे चहालाही आहे असं नाही, स्ट्रेस बाकी असेल तर अजूनही नाही. विचारून घ्या.

फोटोला हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, कॅमेरा छातीभोवती फिरतो. खांदा आखडला असेल तर आधी सांगा, उशी-पट्टा लावता येतो. मध्येच हललात तर फोटोत खोटा खड्डा पडतो, आणि एलबीबीबीत आधीच एक खोटा खड्डा टाळायची धडपड चाललेली असते. बायकांमध्ये स्तनामुळे पुढची भिंत आणि पुरुषांत पोटाच्या पडद्यामुळे खालची भिंत फिकट दिसू शकते, त्यासाठी कधी पालथं झोपवून परत फोटो घेतात किंवा सोबत छोटा सीटी करतात. परत फोटो घेतला म्हणजे काहीतरी वाईट सापडलं असं समजून बाहेर बसलेल्यांना फोन लावू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

समजा लिहिलंय, "रिव्हर्सिबल परफ्युजन डिफेक्ट इन द सेप्टम, इस्केमिया इन एलएडी टेरिटरी". पहिला प्रश्न: स्ट्रेस कसा दिला होता? रिपोर्टच्या वरच्या भागात प्रोटोकॉल लिहिलेला असतो. ट्रेडमिल लिहिलं असेल आणि पेशंटला एलबीबीबी असेल तर हा खड्डा खोटा असण्याची शक्यता बरीच, आणि अँजिओग्राफीआधी औषधाने परत टेस्ट किंवा सीटी अँजिओ करायची का हे कार्डिओलॉजिस्टना जरूर विचारा.

दुसरा प्रश्न: खड्डा फक्त सेप्टममध्ये आहे की टोकाला, म्हणजे एपेक्सला, आणि पुढच्या भिंतीलाही आहे? खऱ्या एलएडी ब्लॉकेजमध्ये एपेक्स आणि अँटिरिअर वॉल बहुतेक सामील असतात. एपेक्स शाबूत आणि फक्त सेप्टम फिकट असेल तर एलबीबीबीचाच प्रताप असण्याकडे कल जातो. पेसमेकरवाल्यांना मात्र हा ठोकताळा लावू नका, कारण पेसिंगमध्ये एपेक्स आणि खालच्या भिंतीतही खोटे खड्डे दिसतात. बाजूची भिंत, लॅटरल वॉल, तिथे रिव्हर्सिबल डिफेक्ट असेल तर तो एलबीबीबीवर ढकलता येत नाही, तो गंभीरपणे घ्यायचा.

पुढे आकडे असतात. हृदयाचे १७ भाग करून प्रत्येकाला ० ते ४ मार्क देतात, इथे जास्त मार्क म्हणजे वाईट. ताणातली बेरीज एसएसएस, चारच्या खाली असेल तर साधारण नॉर्मल, १३ च्या वर म्हणजे बराच मोठा भाग. ताण आणि आरामातला फरक म्हणजे एसडीएस, त्यावरून किती स्नायूला रक्त कमी पडतंय ते कळतं. ईएफ म्हणजे पंपिंग. टीआयडी लिहिलं असेल, म्हणजे ताणात हृदय फुगलेलं दिसलं, तर ते जास्त नळ्यांच्या आजाराचं लक्षण असू शकतं, दुर्लक्ष करू नका. "सेप्टल डिसकायनेसिया" किंवा "पॅराडॉक्सिकल सेप्टल मोशन" वाचून घाबरू नका, एलबीबीबीत सेप्टम असाच उलटासुलटा हलतो.

आणि नॉर्मल आलं तर? औषधाने नीट केलेला, कॅफीनशिवाय केलेला नॉर्मल स्कॅन ही चांगली बातमी असते, पुढच्या काळात अटॅकचा धोका कमी. एक अपवाद लक्षात ठेवा, तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे रक्त सारखंच कमी आणि फोटो एकसारखा दिसून चकवा देऊ शकतो. छातीचा त्रास चालूच असेल किंवा ईएफ कमी असेल तर नॉर्मल रिपोर्टवर समाधान मानू नका. अशा वेळी पेट स्कॅन चांगला, त्यात रक्ताचा प्रवाह मोजता येतो, पण त्याची औषधं मिनिटांत संपतात (अमोनिया दहा मिनिटांत निम्मं) म्हणून अमोनियासाठी तरी ते बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र जवळच लागतं.

सीटी अँजिओ थेट का नाही, असं विचारतात लोक. बऱ्याच एलबीबीबीवाल्यांना, विशेषतः धोका कमी असलेल्यांना, तोच सरळ मार्ग आहे, त्यात करंटचा संबंधच येत नाही. किडनी कमजोर असेल, नळ्यांमध्ये कॅल्शियम भरपूर असेल किंवा आधीचे स्टेंट असतील तर मात्र न्यूक्लिअर बरं पडतं. स्ट्रेस एकोमध्येही सेप्टमची ती उलटी हालचाल त्रास देते, करणारा हात अनुभवी लागतो.

घरी गेल्यावर

पूर्ण टेस्टचं रेडिएशन टेक्नेशियमने साधारण १० मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) आसपास, थॅलियमने त्याहून बरंच जास्त. तुलनेला, निसर्गातूनच जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिळतं. आरामाचा फोटो शेवटी ठेवून स्ट्रेसचा आधी काढला आणि तो अगदी नॉर्मल असला तर काही ठिकाणी दुसरं इंजेक्शन देतच नाहीत, ते विचारायला हरकत नाही.

त्या दिवशी भरपूर पाणी प्या, लघवीला वारंवार जा, फ्लश दोनदा करा. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला दिवसभर मांडीवर-कुशीत घेऊन बसू नका, जेवण एकत्र, घरात वावर सगळं चालतं. आजोबांना वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही. पेशंट स्वतः गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर हे बुकिंगलाच सांगायचं, नंतर नाही.

आठवड्यात विमान पकडायचं असेल तर सेंटरकडून टेस्टचं पत्र घ्या. काही विमानतळांवरचे रेडिएशन डिटेक्टर टेक्नेशियमनंतर दोन-तीन दिवस आणि थॅलियमनंतर काही आठवडेसुद्धा वाजू शकतात, आणि सिक्युरिटीला एलबीबीबी समजावत उभं राहणं काही मजेचं नाही. रिपोर्टबरोबर फोटोंची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, नुसत्या कागदावर पुढच्या वेळी तुलना करता येत नाही, आणि फाइलच्या पहिल्याच पानाला एलबीबीबीवाला ईसीजी आणि "स्ट्रेस: अ‍ॅडेनोसिन" लिहिलेलं पान एकत्र पिन करून ठेवा, पुढचा डॉक्टर तेच आधी शोधतो.